अर्धा गट आत, अर्धा बाहेर

इटलीतल्या काप्री बेटावरची ब्लू ग्रोटो, म्हणजे समुद्रातली निळी गुहा, सकाळपासूनच बंद असली तर मला त्याचा त्रास होत नाही. सगळ्यांचंच हुकलेलं असतं. लोक थोडा वेळ कुरकुरतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत विसरतात. ती मध्येच बंद होते तेव्हा मात्र कस लागतो. निम्मे लोक पाहून आलेले, निम्मे तसेच बोटीत बसलेले, आणि सहलीचे पैसे सगळ्यांनी सारखेच भरलेले. गेल्या सीझनमध्ये माझ्या गटाच्या बाबतीत हे झालं. त्या गटातल्या एक आजी आणि त्यांची मुलगी अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी पुण्यातल्या एका सहल कंपनीत टूर मॅनेजर आहे. इटलीच्या सहलीत आमचा मुक्काम सोरेंतोला असतो. नेपल्सच्या उपसागरावर, उंच कड्याच्या माथ्यावर वसलेलं हे गाव. समोर व्हेसुव्हियस ज्वालामुखी, खाली बंदर. युरोपातले लोक इथे आठवडा आठवडा येऊन राहतात; सकाळी पोहतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी पियात्सा तास्सो या चौकात खुर्ची टाकून बसतात. आपल्या लोकांना असं बसवत नाही. 'इथे पाहण्यासारखं काय?' हा प्रश्न बसमधून उतरायच्या आत येतो. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आयुष्यात एकदाच येणाऱ्या माणसाला खुर्चीत बसून राहणं परवडत नाही. पण समुद्राकाठच्या गावातला एक अख्खा दिवस यादीवर चालवला, की तो समुद्राच्या मर्जीवर जातो, आणि समुद्राला आमचं कार्यक्रमपत्रक ठाऊक नसतं. आमच्या माहितीपुस्तकात ब्लू ग्रोटोचा फोटो पानभर असतो. 'समुद्राच्या स्थितीनुसार' हे शब्द शेवटच्या पानावर, अटींच्या यादीत असतात. ते पान कोणी वाचत नाही, हे छापणाऱ्यांनाही माहीत आहे.

गुहा काप्री बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. तोंड साधारण दोन मीटर रुंद आणि पाण्याच्या वर जेमतेम एक मीटर. मोटरबोट आत जाऊ शकत नाही. मारिना ग्रांदे बंदरातून निघालेली मोटरबोट गुहेबाहेर उभी राहते. तिथे वल्ह्यांच्या छोट्या नावा येऊन तिला लागतात, एका नावेत जास्तीत जास्त चार जण. आत जाताना सगळ्यांनी नावेच्या तळाशी आडवं व्हायचं. नाववाला उभा राहून लाटेचा अंदाज घेतो. लाट खाली गेली की खडकाला बांधलेली साखळी दोन्ही हातांनी खेचतो, मागे झोकून देतो, आणि नाव तोंडातून आत सरकते. डोकं आणि खडक यांच्यात वीतभर अंतर असतं. जोरदार वाऱ्याची गरज नसते. वायव्येकडून थोडी जरी लाट आली, तरी हे एक मीटर अर्धं होतं. आपल्याकडच्यासारखी मोठी भरती-ओहोटी तिथे नाही, पाणी फूटभर वर-खाली होतं एवढंच. पण इथे तो फूटही मोजावा लागतो.

या नाववाल्यांबद्दल लोकांचं मत चांगलं नसतं. ते घाई करतात, बक्षिसी हक्काने मागतात, आत पाचेक मिनिटांतच वळसा घालून बाहेर काढतात. हे सगळं खरं आहे. तरी माझा त्यांच्यावर विश्वास आहे, कारण 'आता बस' हे तेच ठरवतात आणि त्यांनी ठरवलं की पैशाने ते बदलत नाही. बाहेर रांगेत शंभरेक गिऱ्हाईकं थांबलेली असताना धंदा बंद करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

त्या दिवशी सकाळी समुद्र सपाट होता. सोरेंतोहून काप्रीला पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कोणाला बोट लागली नाही. मी तरीही निघण्याआधी तासभर सगळ्यांना मळमळीची गोळी घ्यायला लावते. कारण खरा त्रास चालत्या बोटीत होत नाही, गुहेबाहेर इंजिन बंद करून थांबलेल्या बोटीत होतो. डिझेलचा वास, ऊन, आणि बोट जागच्या जागी डोलत असते. कधी कधी दीड तास. बायकांना मी आदल्या रात्रीच सांगून ठेवते, की उद्या साडी नको, नावेच्या तळाशी पाणी असतं आणि त्यातच बसायचं आहे. आजी साडीतच आल्या. वाईजवळच्या एका खेड्यातल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पायात मुलीने घेऊन दिलेले पांढरे बूट. "आयुष्यभर कृष्णेत साडीनेच उतरले," म्हणाल्या. मुलगी पुण्यात बँकेत नोकरीला. दोघींचे पैसे तिनेच भरले होते, आणि ब्लू ग्रोटोची गोष्ट ती पहिल्या दिवसापासून काढत होती. शाळेत असताना कुठल्या तरी मासिकात तिने फोटो पाहिला होता.

नावा भरायचा माझा एक क्रम ठरलेला आहे. वयस्कर आधी. मोटरबोटीतून नावेत उतरणं हाच सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. दोन्ही वेगवेगळ्या तालात हलतात, आणि पाय कधी टाकायचा हे कळायला हवं. समुद्र जितका शांत तितकं ते सोपं, म्हणून गुडघे दुखणारे पहिल्यांदा, तरणे शेवटी. जड माणूस मागे, घाबरणारा मधे, दोन्ही बाजूंना धरायला कोणी तरी. आजी आणि ताई दुसऱ्या नावेत जाणार होत्या. तेवढ्यात ताईंच्या शेजारच्या काकूंना उलटी झाली आणि ताई त्यांचं डोकं धरून बसल्या. नाववाला ओरडत होता, एक जागा आहे, एकच. ताईंनीच मान वर करून सांगितलं, "आई, तू जा. मी मागच्या नावेने येते."

मी आजींना उतरवलं. पाय कधी टाकायचा हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आमच्या चार नावा आत जाऊन बाहेर आल्या. पाचवीत ताई बसणार होत्या. काठाशी उभ्या होत्या, चप्पल हातात. त्याच वेळी गुहेच्या तोंडावर एक लाट फुटली आणि काही क्षण तोंड दिसेनासंच झालं. मग आणखी एक. नाववाले एकमेकांशी दोन-चार शब्द बोलले, त्यातल्या वयस्कर माणसाने आमच्या कप्तानाकडे पाहून हात आडवा हलवला, आणि सगळ्या नावा वळल्या. आम्ही पाऊण तास वाट पाहिली. मी कप्तानाशी बोलले, आमच्या इटालियन गाइडने नाववाल्यांशी बोलून पाहिलं. उपयोग झाला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो व्हायला नको होता.

उरलेला दिवस मी जमेल तसा उभा केला. वायव्येकडून लाट असली की बेटाची दक्षिण बाजू आडोशाला असते. कप्तानाला पूर्वेकडून वळसा घालून फाराल्योनीपर्यंत न्यायला लावलं. समुद्रातून सरळ वर आलेले ऐंशी ते शंभर मीटर उंचीचे ते सुळके, आणि मधल्याच्या पोटात आरपार कमान. बोट त्या कमानीतून गेली तेव्हा टाळ्या वाजल्या. नंतर बेटावरच्या अनाकाप्री गावातून एकेकट्या माणसाच्या पाळण्यातून मोंते सोलारो या डोंगरावर, 589 मीटर. वर गेल्यावर दोन्हीकडचे उपसागर दिसतात. मला विचाराल तर काप्रीतली सगळ्यात सुंदर जागा हीच. पण लोकांच्या डोक्यात न पाहिलेलीच गोष्ट घोळत राहते. परतीच्या बोटीत गट दोन ठिकाणी बसला. पाहून आलेले मोबाइलवरचे व्हिडिओ एकमेकांना दाखवत होते, आवाज मोठा करून. हे मी दरवेळी पाहते आणि दरवेळी मला राग येतो; शेजारी बसलेल्याने काय गमावलंय याची थोडी तरी जाणीव असावी.

अशा वेळी सगळ्यांनी आजींना विचारलं. आजी शांतपणे म्हणाल्या, "काही नाही हो. अंधार. विहिरीत उतरल्यासारखं वाटलं, आणि पाठ तेवढी दुखली."

तेवढ्याने बोटीतलं वातावरण सैल झालं. न पाहिलेल्यांना धीर आला. रात्रीच्या जेवणापर्यंत 'आजी म्हणाल्या, काही नाही त्यात' हे वाक्य टेबलाटेबलावर फिरत होतं. व्हिडिओवाल्या काकांनी फोन पुढे केला तर कोणी बघेना. ताई हसत होत्या, बऱ्यापैकी मोकळ्या झाल्या होत्या.

रात्री उशिरा मी रिसेप्शनपाशी दुसऱ्या दिवशीच्या खोल्यांची यादी लावत होते. आजी गरम पाणी मागायला आल्या. इटलीतल्या हॉटेलांत खोलीत किटली नसते आणि आपल्या माणसांना रात्री गरम पाणी लागतंच, म्हणून मी माझी किटली बरोबर ठेवते. पाणी उकळेपर्यंत त्या समोर बसल्या. मग हळूच विचारलं, "खालून कसला उजेड होता गं? दिवे लावलेत का पाण्यात?"

मी सांगितलं. दिवे नाहीत. ज्या तोंडातून आत गेलो त्याच्या खाली, पाण्यात, आणखी एक मोठं भोक आहे. ऊन तिथून आत येतं. पाणी त्यातला तांबडा उजेड पिऊन टाकतं, निळा तेवढा उरतो, म्हणून आतलं पाणी खालून पेटल्यासारखं दिसतं. रोमन सम्राट तिबेरियस या बेटावर राहत होता तेव्हापासून ती गुहा वापरात होती. 1964 मध्ये तिच्या तळाशी रोमन पुतळे सापडले. मधल्या काळात बाहेरच्या जगाला तिचा पत्ता नव्हता. 1826 मध्ये आउगुस्ट कोपिश नावाचा जर्मन कवी-चित्रकार पोहत आत गेला, आणि त्याने लिहिल्यावर सगळे यायला लागले.

आजी ऐकत होत्या. मग उजवा हात पुढे करून त्यांनी मला दाखवला. "हा पाण्यात घातला मी. कोपरापर्यंत. सगळा चांदीचा झाला, बांगड्यांसकट. बाहेर काढला की माझा, आत घातला की चांदीचा. तीनदा करून बघितलं. तो नाववाला गात होता आणि ते गाणं चारी बाजूंनी येत होतं. मला वाटलं, आता इथून बाहेर काढूच नये यांनी."

मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तिला सांगू नकोस हं. एवढे पैसे तिने घातले आणि बघितलं मी. तिच्यापुरतं तिथे काही नव्हतंच, असं असू दे."

पाण्याचा थर्मास घेऊन त्या गेल्या.

सहलीच्या शेवटच्या रात्री आम्ही अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतो. ताईंनी माझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं होतं. खाली 'सूचना' या चौकटीत ठळक अक्षरांत होतं: 'ब्लू ग्रोटो काढून टाकावी. माझी आई आत जाऊन आली, तिच्या मते पाहण्यासारखं काही नाही. वेळ वाया जातो.' असेच आणखी सात-आठ फॉर्म. सगळे न पाहिलेल्यांचे, सगळ्यांचा साक्षीदार एकच.

मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी ताई माझ्याजवळ आल्या. आजी जरा लांब, ट्रॉलीवर टेकून उभ्या होत्या. "खरंच काही नव्हतं का हो आत?" मी म्हटलं, "मी त्या नावेत नव्हते, ताई." हे खरं होतं. त्या दिवशी मी आत गेलेच नव्हते. ताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणून बॅग उचलायला वळल्या. त्यांना कळलं का, हे मला अजून सांगता येत नाही. कळलं असेल तर दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट जपून ठेवताहेत. आणि नसेल कळलं, तर ज्या गोष्टीची वाट ताईंनी शाळेपासून पाहिली तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने काट मारली आहे. यातलं कोणतं बरं, हे ठरवायला गेले की मी दरवेळी वेगळ्या उत्तराशी येते.

आणि हे आता माझ्यापुरतं राहिलेलं नाही. ऑफिसात पुढच्या सीझनचं कार्यक्रमपत्रक ठरतंय. फॉर्म मोजले गेले. ब्लू ग्रोटोऐवजी सोरेंतोला लिमोनचेल्लोच्या, म्हणजे लिंबाच्या मद्याच्या, दुकानात दीड तास द्यावा, असा प्रस्ताव आहे. त्यात कमिशन आहे आणि समुद्राची कटकट नाही. अभिप्रायाच्या फॉर्मवर मला आक्षेप नाही, पण लोकांनी काय पाहिलं हे त्यात येत नाही, परतीच्या बोटीत काय बोललं गेलं हे येतं. साहेबांनी मला विचारलं, "तू तर जाऊन आलीस. आहे का त्यात काही?"

मी म्हटलं, आहे. ठेवा, पण ठरलेल्या कार्यक्रमात छापू नका. मुख्य गटाला बेटाभोवती फिरवा, आणि ज्यांना जायचंच आहे त्यांना अनाकाप्रीहून बसने उतरवून जमिनीवरच्या पायऱ्यांनी न्या. बंद निघाली तर परत वर येता येतं, बोटीत अडकून पडावं लागत नाही. आणि माय-लेकी, नवरा-बायको यांना एकाच नावेत बसवा, जागा रिकामी गेली तरी. साहेब म्हणाले, "पण हे फॉर्म तर उलट सांगताहेत." वरचाच फॉर्म ताईंचा होता.

मी आजींचं नाव घेतलं नाही. माहितीपुस्तक जानेवारीत छपाईला जातं, तोपर्यंत मला माझं म्हणणं लेखी द्यायचं आहे.