हतनूरचा चिखल

आज सकाळी हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, तापी-पूर्णा संगमाच्या बाजूला गेलो होतो. हतनूर म्हटलं की आपल्याकडे 41 दरवाजे आणि पुराच्या बातम्या. पण उन्हाळ्याच्या तोंडी पाणी मागे सरकतं आणि जो चिखल उघडा पडतो ना, तो फार मोलाचा. मोठ्या लालसऱ्या (बदकं) खोल पाण्यात होत्या, मी मात्र छोट्या टिलव्यांपाशीच, म्हणजे चिखलात चरणाऱ्या चिमुकल्या स्थलांतरित पक्ष्यांपाशीच अडकलो. वजन जेमतेम 25-30 ग्रॅम, आणि जायचंय थेट आर्क्टिकच्या टुंड्रात! एक तर अगदी समोर, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात मारत होता. अळ्या, किडे खाऊन अंगावर चरबी चढवायची, तेच पुढच्या उड्डाणाचं इंधन. वाटेतला असा एखादा थांबा गेला की पुढचं सगळं गणित बिघडतं. (कौतुक मात्र हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकदंब हंसांचंच. असो.)

काठावर गाळपेर करणारे एक काका म्हणाले, "भाऊ, या पाखरांचा आम्हाले काही तरास नाही. तरास पाण्यात गाड्या धुणाऱ्यांचा." खरंय. साबणाचा फेस, तुटकी जाळी, वेफर्सची पाकिटं, सगळं त्याच चिखलात.

येत्या रविवारी जाळी गोळा करायला जातोय. कोणी येतंय का? बूट जुनेच घाला.