आप्पांच्या मांडीतला रॉड

आज आप्पांना मुतखड्यासाठी पारोळ्याहून जळगावला आणलं. आयुष्मान कार्ड दिलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बाबांच्या मांडीत मागच्या वर्षी रॉड टाकलाय ना?" आप्पांनी तिथंच धोतर वर सारलं. "कोठे शे वं बाई रॉड?" मांडीवर टाक्याची खूण नाही, फक्त लहानपणीचा बैलाने मारल्याचा वण!

म्हणजे आप्पांच्या नावावर दुसराच कुणी झोपून गेला. गावात कार्ड अपडेटच्या नावाखाली कुणीतरी आधार आणि अंगठा घेऊन गेला होता, तेव्हा मीही शेजारीच उभा होतो. शहाणा!

योजनेचे वर्षाला ५ लाख अख्ख्या कुटुंबात मिळून असतात, म्हणजे आईच्याही वाट्यातले गेले. पण पैशापेक्षा धसका वेगळाच. त्या नोंदीत रक्तगट बी पॉझिटिव्ह, आप्पा ओ पॉझिटिव्ह. उद्या बेशुद्धीत आणले आणि कुणी कागदावरच विसंबलं तर?

योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्या जुन्या केसपेपरची नक्कल लेखी मागितलीय. आप्पा मात्र एसटीत सगळ्यांना मांडी दाखवत आले.