रणवारच्या गल्लीत, पाव आणायला निघालेल्यांच्या वाटेत

वांद्र्याला चित्रं बघायला चाललोय म्हटल्यावर आईने विचारलं, "जहांगीरला ना?" जहांगीर आर्ट गॅलरी काळ्या घोड्याला, आम्ही चाललो होतो हिल रोडच्या आतल्या गल्ल्यांत. तिथली चित्रं घरांच्या भिंतींवर आहेत. तिकीट नाही, वेळापत्रक नाही.

जानेवारीतला बुधवार. बरोबर भाचा, वय सतरा, मोबाइलमध्ये चित्रांचे तीसेक फोटो साठवून आलेला. डोंबिवलीहून पहाटेची लोकल, दादरला गाडी बदलून वांद्रे. पश्चिमेला उतरून चालत निघालो. रिक्षाही मिळते, पण दक्षिण मुंबईकडून येणार असाल तर ध्यानात ठेवा, रिक्षा वांद्र्यापासूनच सुरू होतात. त्याअलीकडून टॅक्सी, बस किंवा लोकल.

हिल रोड सोडून चॅपल रोडला आत शिरलो आणि गाड्यांचा आवाज एकदम मागे राहिला. वांद्रे म्हणजे मुळात पाखाड्यांचं, म्हणजे छोट्या वाड्यांचं गाव. रणवार ही त्यातलीच एक. लाकडी बाहेरचे जिने, कौलारू छपरं, रस्त्याला लागून ओटे. वस्ती मुख्यतः ईस्ट इंडियन लोकांची. हे इथलेच मूळ ख्रिस्ती. घरची बोली मराठीचीच. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं, म्हणून नाव इंग्रजी.

भाच्याच्या यादीतलं पहिलंच चित्र सापडेना. नकाशा म्हणे इथेच. तिथे ताजा गिलावा आणि भिंतीला टेकवलेली स्कूटर. ओट्यावर पेपर वाचणारे आजोबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते गेलं. मागच्या पावसाच्या आधीच." पुढे आणखी दोन तशीच गेलेली निघाली. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस. भिंतीला आतून ओल धरते, गिलावा फुगतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. उरलेलं काम घर पाडून इमारत बांधणारे करतात. तेव्हा यादी घरीच ठेवा. त्यापेक्षा गल्लीच्या दोन्ही टोकांकडून एकेकदा चाला. येताना न दिसलेली भिंत जाताना दिसते.

इथल्या सिनेमाच्या चित्रांचं श्रेय मुख्यतः रणजित दहिया यांना. हरियाणाचा हा माणूस आधी भिंतींना रंग लावायचा, मग कला शिकला आणि 2012 मध्ये त्याने 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू केलं. 1953 च्या 'अनारकली'चं भलंमोठं पोस्टर त्याने चॅपल रोडवरच रंगवलं. सिनेमाचं इथे असणं उपरंही नाही. मेहबूब खानांनी 1954 मध्ये उभारलेला स्टुडिओ हिल रोडवर, इथून चालत जाण्याच्या अंतरावर.

मला मात्र चित्रांपेक्षा क्रूस जास्त आवडले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा रोग वस्तीत शिरू नये म्हणून लोकांनी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले. अजून त्यांना झेंडूचे हार पडतात, संध्याकाळी मेणबत्ती लागते. शेजारच्या भिंतीवरचं चित्र पाच वर्षांत उडतं, क्रूसाला दर वर्षी चुना लागतो. ज्याचं कोणीतरी करतं ते टिकतं, एवढाच फरक.

एका निळ्या दारापुढे भाचा पोझ देऊन उभा. तिसऱ्या प्रयत्नाला दार आतून उघडलं आणि हातात कापडी पिशवी घेतलेल्या एक आजी म्हणाल्या, "झालं असेल तर सरक रे बाळा, पाव आणायला जायचंय." तो इतका ओशाळला की पुढचा अर्धा तास मोबाइल खिशातच. मला बरंच वाटलं. गल्ली रुंदीने जेमतेम एका गाडीची, त्यात फोटोवाले वाट अडवतात, खिडकीतून आत कॅमेरा वळवतात. माणूस समोर असेल तर आधी विचारा. ओटा म्हणजे बाक नव्हे, त्यावर बसू नका.

वेळ सकाळी सात ते नऊचीच धरा. ऊन तिरपं असतं, डिलिव्हरीवाल्यांची वर्दळ सुरू झालेली नसते. रविवारी चर्चची गर्दी असते आणि निम्म्या भिंतींपुढे गाड्या लागतात. चपला सपाट तळव्याच्या घाला, पेव्हर ब्लॉक जागोजागी उखडलेले आहेत. स्वच्छतागृहाची सोय आधीच उरकून घ्या, आत गल्लीत काही मिळत नाही. सगळं हळूहळू बघायला दोन तास पुरतात. पोटपूजेला वरोडा रोडवरची जुनी सेंट ज्यूड बेकरी आठवत असेल तर आता तिथे 2023 पासून व्हेरोनिकाज आहे. सँडविच छान असतात म्हणे, पण दर वाचून आम्ही हिल रोडला येऊन वडापाव खाल्ला.

परतताना पाय दुखत होते म्हणून रिक्षा केली आणि मुद्दाम रेक्लमेशनकडून घ्यायला सांगितली. तिथल्या एमटीएनएलच्या इमारतीवर दहिया आणि इतरांनी 2014 मध्ये दादासाहेब फाळके रंगवले. भाच्याने मान बाहेर काढून विचारलं, "हे कोण?" त्र्यंबकेश्वरचे, 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' काढणारे, एवढं सांगून होतंय तोवर सिग्नल सुटला. त्याच्या फोटोत रिक्षाचा आरसा आणि माझं कोपर आलंय. तुम्ही खाली उतरून काढा.