६.८ चे जर्मनीत २.६ होतात तेव्हा

परवा सकाळी ट्रॅममध्ये होते, तेवढ्यात मामेभावाने गुणपत्रिकांचे फोटो पाठवले. सातही सेमिस्टरचे. खाली लिहिलं होतं, "ताई, सीजीपीए ६.८ आहे, फर्स्ट क्लास. जर्मन नोट किती होते बघ ना, आई विचारतेय." नोट म्हणजे इथली श्रेणी. मी उभ्याउभ्याच मोबाइलवर आकडे टाकले. २.६ आले. त्याला ज्या मास्टर्ससाठी अर्ज करायचाय तिथली अट २.५ ची आहे. पुढचे दोन स्टॉप मला त्याला काहीच लिहिता आलं नाही.

इथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास, हे माझ्या फोनवरच्या गप्पांतून घरी सगळ्यांना पाठ झालंय. पण आपले गुण या मापात कसे बसवतात, याकडे अर्ज भरायच्या आठवड्यापर्यंत कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. दहातून आपले ६.८ वजा केले, उरले ३.२. दहातून पासापुरते ४ वजा केले, उरले ६. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. झाले २.६. शाळकरी पोरालाही जमेल असं गणित आहे, आणि चार वर्षांची मेहनत त्यात अर्ध्या मिनिटात मोजून होते.

मला राग येतो तो त्या दहाचा. आमच्या बॅचमध्ये जी पहिली आली तिलाही दहापैकी दहा नव्हते. आमच्याकडे थिअरीच्या पेपरला पैकीच्या पैकी द्यायची रीतच नाही. उत्तर बिनचूक असलं तरी तपासणाऱ्याचा हात शेवटचा एक गुण ठेवूनच घेतो. इथे मात्र १.० मिळवणारी मुलं माझ्याच वर्गात बसतात. म्हणजे इथल्या मुलाची तुलना खरोखर गाठता येणाऱ्या टोकाशी होते आणि आपल्या मुलाची फक्त कागदावर असलेल्या टोकाशी. शिवाय पासाची रेषा बघा. दहापैकी ४ ला पास करणारी विद्यापीठं आहेत, ५ ला करणारीही आहेत. माझ्या मामेभावाच्या विद्यापीठात पासाचा आकडा ५ असता, तर त्याच ६.८ चे २.९२ झाले असते! विद्यापीठ जितकं कडक, तितका मुलगा मागे. सूत्राच्या बाजूने बोलायचं तर ते एवढंच विचारतं, की तू काठावरच्या पासापासून किती वर आहेस. ते मला कळतं. तरी पटत नाही.

म्हणून अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं: गुणपत्रिकेच्या मागे पासाची किमान श्रेणी स्पष्ट छापली आहे का, ते आजच बघा. नसेल तर कॉलेजकडून तसं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. तो एक आकडा अर्ज तपासणाऱ्याने अंदाजाने धरला, तर तुमची नोट ०.३ ने इकडची तिकडे होते.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मामी म्हणेल, जर्मनीत राहून जर्मनीलाच नावं ठेवते. माझे ७.४ होते, सूत्राने २.३ झाले आणि मला प्रवेश मिळाला. मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात शिकले, त्या कॉलेजचं नाव किती मोठं हे मला कोणी विचारलं नाही. पुण्यात पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत तेच आधी विचारलं होतं. आज माझी इथली सरासरी १.९ आहे. सूत्राने मला जेवढं मोजलं त्यापेक्षा मी जास्त होते, एवढं तरी मी आता म्हणू शकते, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

ती सरासरीही नुसती बेरीज-भागाकार नाही. ९ क्रेडिटच्या विषयात २.७, ६ क्रेडिटच्या विषयात १.३ आणि ५ क्रेडिटच्या विषयात २.० मिळाले, तर साधी सरासरी २.० येते, पण क्रेडिटने गुणून वीसने भागलं की २.१०५. पहिल्या दशांशापुढचं सगळं कापतात, म्हणजे २.१. हे कापणं विद्यार्थ्याच्या बाजूने जातं, २.१९ असले तरी २.१ च. थीसिसला १२० पैकी ३० क्रेडिट आहेत, म्हणजे एकट्या थीसिसवर जवळपास पाव निकाल.

आणि एका गोष्टीसाठी मी या लोकांना मनापासून हात जोडते. निकाल लागल्यावर ठरलेल्या दिवशी तपासलेला पेपर समोर ठेवतात, त्याला 'आइनझिश्ट' म्हणतात. गेल्या हिवाळ्यात मी गेले, एका उत्तराचे दोन गुण बेरजेत धरायचे राहिले होते. असिस्टंटने तिथल्या तिथे बेरीज केली, "तुमचं बरोबर आहे" म्हणाला आणि २.७ चे २.३ झाले. फी नाही, फॉर्म नाही. बीईला असताना एका विषयाची फोटोकॉपी, मग रीव्हॅल्युएशन, यात माझे आणि बाबांचे किती आठवडे गेले होते ते आठवून बाहेर आल्यावर रडू आलं.

संध्याकाळी मामेभावाला फोन लावला. २.६ सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग मीच म्हटलं, आठवं सेमिस्टर आहे अजून. २.५ साठी ७.० लागतात. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरले तर आठ साते छप्पन्न, त्यातून तुझे ४७.६ गेले, राहिले ८.४. त्याचं आजवरचं सगळ्यात चांगलं सेमिस्टर ७.६ चं आहे.

"ताई, शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्टचे क्रेडिट जास्त असतात ना?" त्याने विचारलं. त्यात तो हुशार आहे, हात चांगला चालतो त्याचा. अभ्यासक्रमाची पुस्तिका शोधायला सांगितली आहे. रविवारी दोघं मिळून पुन्हा मांडणार आहोत, या वेळी खरे क्रेडिट धरून.