तुम्ही विचारलंत म्हणून: 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'वर इतकी उलटसुलट मतं का?

डे ला सोल या अमेरिकन त्रिकुटाचा पहिला अल्बम, 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', कुणाला ऐकायला सुचवला की थोड्या दिवसांनी हा प्रश्न ठरलेला: "याच्याबद्दल लोकांची मतं वाचली. एक म्हणतो मैलाचा दगड, दुसरा म्हणतो पोरखेळ, तिसरा म्हणतो सगळी उचलेगिरी. मग खरं काय? आणि याला हिप हॉप तरी म्हणायचं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, अगदी शंभर टक्के. बाकीच्याला जरा वेळ लागेल. मतं एवढी फाकतात त्याचं निम्मं कारण अल्बममध्ये आहे आणि निम्मं तो ऐकला कसा गेला त्यात. त्यामुळे या अल्बमवरचं कुठलंही मत वाचताना तीन गोष्टी आधी शोधाव्यात. ऐकणाऱ्याने सुरुवात कुठल्या गाण्यापासून केली, ओळीने ऐकलं की शफलवर, आणि त्याआधी त्याच्या कानावर कुठलं हिप हॉप पडलेलं होतं. एवढं कळलं की दोन टोकाची मतंही बऱ्याचदा एकाच वेळी खरी निघतात.

आधी थोडी माहिती. अल्बम ३ मार्च १९८९ ला टॉमी बॉय या न्यूयॉर्कच्या लेबलने काढला. पॉझ्डनूस, ट्रुगॉय आणि मेसियो हे तिघे लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिलचे, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या बाहेरच्या उपनगरातले. निर्माता प्रिन्स पॉल, ध्वनिमुद्रण कॅलिओपी स्टुडिओत. सीडीवर २४ ट्रॅक, एक तास सात मिनिटांच्या आसपास. त्या वर्षी 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात हा अल्बम पहिला आला आणि पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांमध्ये त्याची निवड केली. पण एवढा मान मिळाला म्हणून तुम्हाला तो आवडायलाच हवा असं काही नाही.

आता "सगळ्या प्रकारांची सरमिसळ" या सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या शेऱ्याकडे येतो. कौतुक करणारेही हेच म्हणतात आणि नावं ठेवणारेही. सरमिसळ नेमकी कुठे झाली आहे हे मात्र फार थोडे सांगतात. हे काही एक गाणं रॉक, पुढचं जॅझ, त्याच्या पुढचं फंक असं प्रकरण नाही. मिसळ एकेका गाण्याच्या पोटात आहे, दोन-चार सेकंदांच्या तुकड्यांची. 'आय नो' हे गाणं घ्या. त्यातले ड्रम ली डॉर्सी या न्यू ऑर्लिन्सच्या गायकाच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डवरून आले आहेत. ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या वाद्यांचा, तुकडा मेंफिसच्या मॅड लॅड्स या सोल गटाचा. "आय नो आय लव्ह यू बेटर" हा हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, स्टीली डॅन या गटाच्या १९७७ च्या 'पेग'मधला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या अतिशय घासूनपुसून केलेल्या जॅझ-रॉकमधला. आणि मधे जी निवांत शिट्टी ऐकू येते ती सोल गायक ओटिस रेडिंगच्या 'डॉक ऑफ द बे'च्या शेवटी वाजते ती. वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या वर्षांचे वादक, आणि तरी गाणं एकाच बँडने वाजवल्यासारखं सरळ चालतं.

हे अवघड का, ते सांगतो. तबकडीचा वेग वाढवला की लय वाढते आणि सूरही चढतो. साधारण सहा टक्के वेग वाढला की सूर पेटीवरच्या लगतच्या पुढच्या पट्टीवर जातो. दोन तुकड्यांची लय जुळवायला गेलं तर सूर बिघडतो, सूर जुळवायला गेलं तर लय हलते. तीन-चार तुकडे घेतले की गुंता आणखी वाढतो. शिवाय तेव्हाच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडा (सॅम्पल) साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, आवाज साठवायला जागा मोजकी, बऱ्याच यंत्रांत जेमतेम काही सेकंदांची. म्हणून त्या काळचे निर्माते ३३ च्या वेगाची (मिनिटाला ३३ फेऱ्यांची) तबकडी ४५ वर वाजवून सॅम्पल घ्यायचे आणि यंत्रात गेल्यावर तो तुकडा पुन्हा हळू करायचे. जागा वाचायची, पण वरचे सूर बोथट व्हायचे आणि आवाजाला एक खरखर यायची. आज ज्याला लोक प्रेमाने जुना उबदार आवाज म्हणतात, त्यातला बराच भाग या काटकसरीतून आलेला आहे.

ही जुळणी फसली की काय होतं तेही कानाला कळतं. ड्रम आणि हुक ठोक्यावर बसलेले असतात, पण बेस, म्हणजे खालच्या सुरांची साथ, आणि हुक यांच्यात कुरबुर चालू राहते. ऐकणाऱ्याला नेमकं बोट ठेवता येत नाही, तो फक्त म्हणतो, "काहीतरी गडबड वाटतेय." कुठलाही सरमिसळीचा अल्बम तपासायचा असेल तर हुक चालू असताना लक्ष हुकवरून काढून बेसवर न्या. 'आय नो'मध्ये किंवा हॉल अँड ओट्स या जोडीच्या गाण्यावर उभारलेल्या 'से नो गो'मध्ये हे करून बघा. माझ्या मते या अल्बमची खरी थोरवी इथे आहे. गमतीजमती, रंगीत कव्हर आणि फुलं हे सगळं नंतरचं.

"पोरखेळ" म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अल्बमभर एक खोटा खोटा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम चालू असतो. सूत्रधार स्पर्धकांना विचारतो की अमुक कंपनीच्या कोंबडीला पिसं किती, बॅटमॅनच्या गाडीचं चाक किती वेळा पंक्चर झालं. गाण्यांच्या मधे असे विनोदी तुकडे, म्हणजे स्किट, घालायची हिप हॉप अल्बममधली पद्धत इथूनच रुळली. पहिल्यांदा ऐकताना ते वगळू नका, कारण पुढच्या गाण्याचा मूड तेच ठरवतात. तिसऱ्या-चौथ्यांदा खुशाल वगळा, विनोद जुना होतो. 'टेक इट ऑफ' आणि 'अ लिटल बिट ऑफ सोप' हे तुकडे एकदा ऐकले की पुरे. 'डे ला ऑर्जी' घरात मोठ्या स्पीकरवर लावू नका. त्यात काय आहे ते नावातच आहे (ऑर्जी म्हणजे सामूहिक संभोग) आणि सोबत आईवडील किंवा मुलं असतील तर सगळ्यांचीच पंचाईत होईल. अल्बम मधल्या टप्प्यात लांबतो ही तक्रारही मला मान्य आहे. पाच-सात मिनिटं कमी असती तर तो जास्त बांधीव झाला असता.

पण पोरखेळ हा शेरा सगळ्या अल्बमवर मारला की मोठी चूक होते. 'से नो गो' ऐकायला नाचरं आहे आणि विषय आहे क्रॅक कोकेनने पोखरलेल्या घरात जन्मलेलं बाळ. 'घेटो थँग'मध्ये गरिबी आणि हिंसा सरळ, आवाज न चढवता मांडली आहे. 'पॉटहोल्स इन माय लॉन'मधले खड्डे म्हणजे इतरांनी चोरून नेलेल्या ओळींच्या जागा, आणि त्या तक्रारीच्या मागे पार्लमेंट या फंक गटाच्या एका कंट्री ढंगाच्या गाण्यातलं योडलिंग, म्हणजे गळ्याला झटके देत केलेलं गाणं, वाजतं. इंग्रजी सफाईने कळणाऱ्यालाही पहिल्या फेरीत यातलं फार थोडं हाती लागतं, कारण या तिघांची स्वतःची अशी बोली आहे. मंचावरची त्यांच्यातल्या दोघांची नावंही उलटी केलेली: ट्रुगॉय म्हणजे उलटं वाचलेलं योगर्ट. म्हणून पहिली फेरी फक्त कानाने ऐका. दुसऱ्या फेरीत शब्द समोर ठेवा, पण एका बैठकीत चार-पाच गाण्यांपेक्षा जास्त नको. सगळ्या अल्बमचे शब्द एकदम वाचायला घेतले की गाणी बाजूला राहतात आणि नुसता अभ्यास होतो.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २०१९ च्या 'गल्ली बॉय'नंतर मराठी-हिंदी रॅपकडे वळलेल्या अनेकांच्या मनात हिप हॉप म्हणजे वस्तीतला राग, आणि रॅपर म्हणजे परिस्थितीशी दोन हात करणारा पोरगा, हे चित्र पक्कं बसलं आहे. ते चित्र खोटं नाही. पण त्या कानाने हा अल्बम लावला तर "यांना राग का येत नाही?" असा प्रश्न पडतो आणि मत तिथेच बनतं. अमेरिकेतही त्या वेळी हेच झालं. जाड सोनसाखळ्यांच्या जमान्यात हे तिघे फुलाफुलांचे शर्ट घालून आले आणि लोकांनी त्यांना हिप्पी ठरवलं. कव्हरवरचं डेझीचं फूल त्यांच्या लेखी 'डा इनर साउंड, यॉल' या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून (D.A.I.S.Y.) आलेलं होतं, ते कुणी फारसं ऐकून घेतलं नाही. 'मी मायसेल्फ अँड आय'च्या व्हिडिओत शाळेच्या वर्गात त्यांच्या पेहरावाची टर उडवली जाते, ती याच अनुभवातून. हा शिक्का त्यांना इतका जाचला की १९९१ च्या दुसऱ्या अल्बमचं नावच त्यांनी 'डे ला सोल इज डेड' ठेवलं आणि कव्हरवर डेझीची फुटलेली कुंडी छापली.

तिसरं मत उचलेगिरीचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा घेणं आणि त्यातून नवं गाणं उभं करणं ही कला आहे, आणि या अल्बमइतका तिचा स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल. पण तुकडा घेतला की परवानगी आणि पैसे हा हिशेब उरतोच, आणि तो इथे पुरता झाला नव्हता. 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स' हा मिनिटभराचा ट्रॅक आहे. द टर्टल्स या गटाच्या १९६८ च्या 'यू शोड मी'चा तुकडा हळू करून गोल गोल फिरवलाय आणि वर फ्रेंच शिकवायच्या रेकॉर्डमधली वाक्यं. त्या एका मिनिटापायी टर्टल्सच्या सदस्यांनी दावा लावला आणि तो तडजोडीने मिटवावा लागला. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने विनापरवानगी सॅम्पलिंगला सरळ चोरी म्हटलं. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याचा दाम आधी मोजावा लागतो, आणि एका गाण्यात चार-पाच तुकडे म्हणजे चार-पाच वाटाघाटी. "आता असं कुणी का करत नाही?" असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर हे आहे. कल्पना आटल्या नाहीत, खर्च आवाक्याबाहेर गेला.

याच गुंत्यामुळे अल्बम कित्येक वर्षं स्ट्रीमिंगवर नव्हता. जुने करार तबकडी आणि कॅसेट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले, डिजिटल विक्री त्यांत बसेना. २०१४ च्या १४ फेब्रुवारीला गटाने वैतागून आपलं सगळं जुनं काम २५ तासांसाठी चाहत्यांना फुकट डाउनलोड करू दिलं. शेवटी रेझर्व्हॉर या कंपनीने २०२१ मध्ये टॉमी बॉय विकत घेतल्यावर वाट मोकळी झाली आणि ३ मार्च २०२३ ला अल्बम सगळीकडे आला. ट्रुगॉय त्याआधी तीन आठवडेसुद्धा नव्हे, १२ फेब्रुवारीला गेला. एका पिढीने या अल्बमबद्दल नुसतं वाचलं आणि मग एके दिवशी तो एकदम ऐकला. २०२३ नंतरच्या मतांमध्ये "एवढं काय आहे यात?" हा सूर जास्त दिसतो त्याचं कारण मला हेच वाटतं. इतकी वर्षं कौतुकच कानावर पडत राहिलं तर अपेक्षा कुठल्या कुठे जाते. शिवाय यातल्या युक्त्या पुढच्यांनी इतक्या वापरल्या की मूळ जागी त्या नव्या वाटत नाहीत.

ऐकायची सोय कशी करावी, तेही अनेक जण विचारतात. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम लावू नका. बेस गायब होतो, आणि जुळणी तर बेसवरच कळते. साधा वायरचा हेडफोन चालेल. ॲपमधलं शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) दोन्ही बंद करा, कारण क्रॉसफेडमुळे स्किटचं शेवटचं वाक्य पुढच्या गाण्यात बुडतं. जुनी एलपी, म्हणजे विनाइलची तबकडी, घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: १९८९ ची मूळ एलपी एकाच तबकडीची आहे. ३३ च्या वेगावर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आरामात मावतात. इथे तीस मिनिटांहून जास्त कोंबली आहेत, म्हणून खाचा बारीक होतात, आवाज दबतो आणि बेस पातळ लागतो. "साउंड क्वालिटी वाईट आहे" असं मत कुठे दिसलं तर ते बहुधा या प्रतीबद्दल असतं. ऐकण्यासाठी दोन तबकड्यांची नंतरची आवृत्ती किंवा सीडी घ्या, मूळ एलपी संग्रहासाठी ठेवा.

आणि सलग एक तास बसणं जमत नसेल तर निवड अशी करा: आधी 'द मॅजिक नंबर', मग 'आय नो', 'से नो गो', 'पॉटहोल्स इन माय लॉन', आणि 'मी मायसेल्फ अँड आय' शेवटी. हे शेवटचं सर्वांत गाजलं, पण सर्वांत सोपंही आहे. फंकाडेलिक या फंक गटाच्या एका लांबलचक गाण्याचा एक मोठा लूप, म्हणजे परत परत फिरवलेला तुकडा, आणि वर रॅप. तिथून सुरुवात केली की बाकीचा अल्बम विस्कळीत वाटतो, आणि "एकच गाणं चांगलं आहे" हे मत जवळपास नेहमी तिथून सुरुवात केलेल्यांचं असतं. ही पाच गाणी दोनदा ऐकूनही मन बसलं नाही तर हा अल्बम सोडा आणि 'डे ला सोल इज डेड' लावा. तो जास्त काळोखी आहे, जास्त चिडलेला आहे, आणि इथे राग शोधणाऱ्यांना तो तिथे भरपूर सापडतो.