पिग्मीवाल्याचा चहा

मी कराडात एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करतो. रोज संध्याकाळी पाच ते नऊ, दत्त चौकाकडून मंडईपर्यंत. दुकानदार गल्ल्यातून पन्नास-शंभर काढतो, मी मशीनवर आकडा मारून पावती देतो, तोवर त्यानं टपरीकडं दोन बोटं दाखवलेली असतात. दोन हाफ. नको म्हणायची सोय नाही. "आत्ताच घेतला" म्हटलं की "त्याचा घेतला, मग आमचा का नको?" चतुर्थीचं कारण सांगावं तर उपवासाला चहा चालतोच. आणि "साखर बंद केलीय" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "शुगर लागली काय ओ?" तिथून मग प्रत्येकाच्या चुलत्याचा पाय, मामाचा डोळा, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. एका नकारात वीस मिनिटं जातात आणि वसुली राहते बाजूला.

शुगर लागलेली नाही. पण संस्थेनं ठेवलेल्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे कुंपणावर, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यातच रात्री एक-एक वाजेपर्यंत छताकडं बघत पडायची सवय लागली होती. म्हणून मी हिशेबाला बसलो. माझा धंदाच तो.

पहिली अडचण हिशेबातच आली. आपल्याकडं साखर कपात पडत नाही, आधणात पडते. ज्यानं चहा टाकला त्याचा हात जसा असेल तशी साखर सगळ्यांच्या पोटात जाते, आणि "मी दिवसाला किती साखर खातो" याचं उत्तर घरात कुणाकडंच नसतं. टपरीवाल्याला विचारलं तेव्हा त्यानं साखरेच्या डब्यातला मग दाखवला. लिटरभर चहाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, असा त्याचा अंदाज. म्हणजे साठ मिलीच्या हाफमध्ये सहा-सात ग्रॅम. दिवसाला आठ हाफ सहज व्हायचे, तेव्हा पन्नासच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, ती दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला बसते साधारण पन्नास ग्रॅम. जमलं तर पंचवीसच्या आत ठेवा म्हणतात. माझा कोटा बिस्कीट न खाता, घरचे दोन कप न धरता, रस्त्यावरच संपत होता.

चहातल्या कॅफिनचा हिशेब मात्र वेगळा निघाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या पुस्तिकेत दीडशे मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरलंय आणि दिवसाची हद्द ३००. माझे आठ हाफ दोनशेच्या फार वर जात नव्हते. म्हणजे आकडा बरोबर, वेळ चुकीची. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात आणि माझे बहुतेक हाफ पाच ते नऊच्या फेरीतले. नऊचा शेवटचा घोट रात्री दोनला निम्मा शिल्लक. झोप कुठून येणार? ही पुस्तिका जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको असंही सांगते, कारण त्यातलं टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतं. हे मी बायकोला वाचून दाखवलं. जेवण झालं की लगेच चहा तिलाच लागतो.

एकदम सोडायचा विचार मी केला नाही. माझ्या मेव्हण्यानं पाडव्याला चहा सोडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं असं ठणकलं की डोळ्यांवर पंचा बांधून झोपला. त्याला वाटलं साखर कमी पडली, म्हणून पेढा खाल्ला! ते दुखणं कॅफिनचं. बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, एक-दोन दिवस जोरात असतं, कुणाकुणाला आठवडाभर रेंगाळतं. थोडं थोडं कमी केलं तर एवढं छळत नाही.

घरी सोपं जाईल वाटलं होतं, पण आमचं घर उसाचं. वडील कारखान्याचे सभासद, दिवाळीच्या आधी सवलतीची साखर येते, आणि जी गोष्ट पोत्यानं येते ती चमच्यानं मोजायची कल्पनाच आईला पटत नाही. तिच्याशी एवढीच तडजोड झाली की माझा कप साखर पडायच्या आधी गाळायचा. "आजाऱ्याचा चहा" म्हणत ती गाळते. सुरुवातीला तो खरंच फुळकवणी लागायचा. आलं दुप्पट ठेचून घातल्यावर बरा लागायला लागला. बऱ्याच जणांनी गुळाचा चहा सुचवला. आमच्या भागात गुळाविरुद्ध बोलणं जिवावरचं काम, तरी सांगतो: गुळातही मोठा वाटा साखरेचाच. गरम पोळीवर तूप-गूळ मी सोडलेला नाही, पण औषध म्हणून कपात ढवळणार नाही.

रस्त्यावरचा तिढा टपरीवाल्यानंच सोडवला. तो स्वतः माझा खातेदार. मी त्याला म्हटलं, दुकानदारानं बोटं दाखवली की माझ्या ग्लासात चहा घालूच नकोस. गरम पाणी, ठेचलेलं आलं, अर्धं लिंबू पिळ, वाटलं तर गवती चहाची पात टाक, पण पूड नको. एवढी वर्षं मला वाटायचं की लोकांना मी त्यांचा चहा प्यायला हवा असतो. तसं काही नाही. त्यांना माझ्या हातात ग्लास हवा असतो. ग्लास असेल तोवर माणूस उठत नाही, मग पोरीच्या फीचं, शेजारच्या गाळ्याच्या भाड्याचं, उचललेल्या कर्जाचं बोलता येतं. आत काय आहे ते कुणी वाकून बघत नाही. भांडीवाल्या शेठनं तेवढं एकदा बघितलं आणि आता तेही तेच मागवतात.

फेरीच्या आधी, चारच्या सुमाराला एक खरा चहा मी घेतो, साखरेसकट, आणि तो सोडायचा माझा बेत नाही. झोप अकरा-साडेअकराला लागते. एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करायचंय, तेव्हा कळेल.

टपरीवाला गरम पाण्यालाही हाफचेच पैसे लावतो. दूध नाही, साखर नाही, पूड नाही आणि गिऱ्हाईक वाढतंय. नफा दिसतोय तर पिग्मी वाढवा म्हणून मी त्याच्या मागं लागलोय. अजून पन्नासच देतो.