काका म्हणाले, "आता कोपऱ्यात ने"

विमान माझ्याहून वयानं मोठं. पायपर चेरोकी, साठच्या दशकातलं. मालकाला दोन्ही योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातली सुकाणू-हँडलं, बदलून हवे होते. हौस होतीच, पण डाव्या योकच्या प्लास्टिकला, अंगठा टेकतो तिथेच, केसाएवढी चीरही गेली होती. या योकांचं हे जुनंच दुखणं; १९६९ साली अमेरिकेत त्यांच्या तपासणीचा आदेशच निघाला होता, ६९-२२-०२.

योकचा दांडा पॅनेलमधून आत जातो आणि मागच्या टी-आकाराच्या दांडीला जोडलेला असतो. डावा-उजवा योक एकमेकांशी साखळीनं बांधलेले, सायकलच्या असते तशाच. तिथवर पोचायचं तर सीट काढून पाठीवर झोपायचं, डोकं रडर पेडलांपाशी. त्यात वडोदऱ्याचा मे महिना. एका कॉटर पिननं, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालतात त्या दुमडलेल्या तारेच्या खिळीनं, माझी अख्खी सकाळ खाल्ली. आत हात घातला की दिसत नाही, बघायला गेलं की हात मावत नाही. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या आरशात बघत ती काढली. नवे योक बसवले, तर साखळी एक दात चुकलेली. उजवा योक तिरका. पुन्हा खोला.

कंट्रोल उघडले की दुसऱ्या माणसानं स्वतंत्र तपासणी करायचीच. ते काम डांडिया बाजारातून स्कूटरवर येणाऱ्या आमच्या काकांचं. सीट बसवली, काका आत बसले, मी बाहेर पंखापाशी. अंगठे वर ठेवून योक धरायचा. अंगठे झुकतील त्या बाजूचं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, वर गेलं पाहिजे.

"डावं?"

"वर!"

"उजवं?"

"वर!"

योक ओढला, शेपटीच्या स्टॅबिलेटरची, म्हणजे तिथल्या आडव्या हलत्या पंखाची, मागची कड वर. मी मनातल्या मनात सही करून मोकळा.

"आता कोपऱ्यात," काका म्हणाले. पूर्ण मागे ओढून, तसाच पूर्ण उजवीकडे. योक शेवटाला पोचण्याआधीच अडला.

नव्या योकवर रेडिओवर बोलायचं बटण होतं. जुन्यावर नव्हतं, तेव्हा हातातल्या माइकवर भागायचं. त्या बटणाची वायर मी पॅनेलमागे झिप-टायनं बांधली होती. फार सुबक बांधली होती. नुसतं ओढलं तर पुरायची, नुसतं फिरवलं तरी पुरायची. दोन्ही एकदम केलं की ताणली जायची.

काका ओरडले नाहीत. "आडव्या वाऱ्यात उतरलास की नेमका हाच कोपरा लागतो रे," एवढंच म्हणाले. मग फोन माझ्या हातात दिला. "मालकाला सांग, विमान उद्या."

साडेपाच वाजले होते. मी सीट पुन्हा काढली.